चाल मोजायची ती कुठल्या वाटेसाठी?

मेंदूला मार लागून अंथरुणाला खिळलेला माणूस पुन्हा पावले टाकू लागला की घरचे म्हणतात, "आता बरो चालता." फिजिओथेरपिस्टचे एवढ्यावर भागत नाही. दहा मीटरची सपाट पट्टी आखायची आणि दोन्ही टोकांचे दोन-दोन मीटर सोडून मधल्या सहा मीटरचा वेळ घ्यायचा, कारण वेग धरायला आणि सोडायला जागा लागते. पुढच्या पायाची बोटे रेघ ओलांडतात त्या क्षणी घड्याळ सुरू होते. काठी, पादत्राणे, कोणी हात दिला का, सारे टिपायचे. त्याशिवाय पुढच्या महिन्याच्या आकड्याशी तुलना होत नाही. पंधरा सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. पक्षाघाताच्या रुग्णांच्या अभ्यासांतून आलेली ढोबळ विभागणी अशी की ०.४ च्या खाली चालणे घरापुरतेच, ०.८ च्या वर गावात मोकळा वावर.

हा आकडा आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. मालवणचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो त्या कसालचाच हिशोब मांडू. महामार्गाची एक बाजू सात मीटर धरली तर ०.४ च्या वेगाने ती ओलांडायला साडेसतरा सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी साठ किलोमीटरने येणारी गाडी जवळजवळ २९० मीटर पुढे येते. ०.८ वाल्याला निम्मा वेळ पुरतो, पण चालता चालता मान वळवून गाडीचा अंदाज घेताना त्याचा तोल जातो का, हे पट्टीवर कळत नाही. जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते, तिथे पाय कसा टेकतो हेही नाही. मेंदूच्या दुखापतीत पायांच्या ताकदीइतकेच अवधान आणि तोलही बिघडलेले असू शकतात.

यावर आक्षेप असा की प्रत्येक गावाची वाट वेगळी. मग प्रमाण कुठले? उत्तर ऑस्ट्रेलियात २००५ साली मांडलेल्या 'हायमॅट' चाचणीत काही अंशी मिळते. उलटे चालणे, अडथळा ओलांडणे, धावणे, जिने चढणे-उतरणे अशा कृतींना त्यात ठरलेले गुण आहेत, एकूण ५४. म्हणजे अवघड चालही शिस्तीत मोजता येते. दुसरा आक्षेप वेळेचा. गर्दीच्या ओपीडीत सगळे जमणार नाही, हे खरे; पण खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसण्याची चाचणी, एकदा गप्प आणि एकदा उलटे आकडे मोजत, काही मिनिटांत होते. दोन वेळांतला फरक अवधानाचा ताण दाखवतो. म्हणून केसपेपरवर वेगाच्या आकड्याखाली आणखी एक ओळ हवी: या माणसाला रोज कुठली वाट चालायची आहे, आणि तिच्यातले काय अजून तपासायचे राहिले आहे.