आडरानांत चालणारी विद्यार्थ्यांची गाडी आणि आपल्या बागेची वाट

राजापूर तालुक्यांतील बागायतदारास आंब्याच्या हंगामांतील मोठी अडचण कोणती, असें विचारलें तर तो प्रथम फवारणीचें किंवा भावाचें नांव घेईल. परंतु बोलणें थोडें वाढलें म्हणजे गोष्ट वाटेवर येते. कलमें सड्यावर किंवा सड्याच्या उतारावर, पक्का रस्ता खालीं. मध्यें जांभ्याचा उघडा कातळ, दोन गडग्यांमधली अरुंद पाखाडी आणि एखादी घाटी. फळ झाडावरून अलगद उतरविण्यासाठीं दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचा नूतन झेला आपल्या हातीं आला. सन २०१८ मध्यें कोंकणच्या हापुसास भौगोलिक मानांकनहि मिळालें. पण झाडाखालून टेम्पोपर्यंतचा प्रवास पुष्कळ ठिकाणीं अद्याप माणसाच्या डोक्यावरूनच होतो, आणि ओझें वाहणारीं माणसें मिळणें दिवसेंदिवस कठीण होत आहे. सबब, ज्या गाडीस रस्ताच लागत नाहीं अशी गाडी कॉलेजांतील मुलें मुळापासून बांधतात, ही हकीकत आमच्या वाचकांनीं केवळ कुतूहलाची समजूं नये.

ही स्पर्धा काय आहे

अमेरिकेंतील साउथ कॅरोलिना विद्यापीठांत सन १९७६ मध्यें ह्या उपक्रमाचा आरंभ झाला. मेक्सिको देशाच्या बाहा नांवाच्या ओसाड द्वीपकल्पांत मोटारींच्या शर्यती होतात. त्यावरून ह्या स्पर्धेस बाहा हें नांव पडलें. आपल्याकडील मुलें त्याचा उच्चार 'बाजा' असाहि करतात. मोटारविद्येंतील अभियंत्यांची जी एस्. ए. ई. इंडिया ही संस्था आहे, तिनें सन २००७ पासून ही स्पर्धा आपल्या देशांत सुरू केली व तिचें मुख्य मैदान मध्य प्रदेशांत इंदूरजवळ पिथमपूर येथें राहिलें.

नियम मोठे मार्मिक आहेत. गाडी एकट्या चालकाची. इंजिन सर्व संघांस सारखेंच; पुष्कळ वर्षें तें ब्रिग्ज आणि स्ट्रॅटन ह्या कंपनीचें, ३०५ घन सेंटिमीटरचें व सुमारें १० अश्वशक्तीचें होतें. त्यांत फेरफार करण्यास सक्त मनाई. म्हणजे ज्याचें इंजिन मोठें तो जिंकला, असें येथें घडत नाहीं. ज्याची अक्कल मोठी तो जिंकतो. सांगाडा, स्टिअरिंग, चाकांची झुलती जोडणी, ब्रेक, गिअर हें सर्व विद्यार्थ्यांनीं स्वतः आंखावें, त्याचा हिशेब परीक्षकांपुढें मांडावा आणि खर्चाचाहि जमाखर्च द्यावा. मग चढ, वेग, वळणें व खांचखळगे ह्यांच्या परीक्षा. आणि शेवटीं चार तासांची सलग दौड. ह्या दौडींत कोणाचा आस मोडतो, कोणाची चेन तुटते, कोणाचें चाक निखळतें. जी गाडी चार तास टिकते तिच्या मागें वर्षभराची मेहनत असते.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. ही गाडी जशीच्या तशी आपल्या बागेंत उपयोगाची नाहीं. ती धांवण्यासाठीं आहे. आपणांस ओझें वाहावयाचें आहे. परंतु ती बांधण्याची जी रीत आहे, ती मात्र आपण अवश्य उचलावी.

आधीं जमीन, मग गाडी

चांगला संघ प्रथम लोखंड विकत घेत नाहीं. तो प्रथम जमीन पाहतो: चढ किती, दगड केवढे, वळण किती आंखूड, माती कोणती. त्यानंतर चाकाचा व्यास, गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची आणि दोन चाकांतील अंतर हीं ठरतात. मग कागदावर व संगणकावर आराखडा. मग हलक्या प्लास्टिकच्या नळ्यांचा पूर्ण मापाचा नमुना, त्यांत चालकास बसवून त्याचे हातपाय कोठें अडतात तें पाहावयाचें. आणि सर्वांत शेवटीं पोलाद कापावयाचें. आपल्याकडे नेमका उलटा क्रम असतो. जत्रेंत किंवा प्रदर्शनांत यंत्र पाहिलें, आवडलें, आणलें. आणि घरीं आल्यावर कळलें कीं, तें गडग्याच्या खिंडींतून आंत जात नाहीं. देशावरच्या काळ्या सपाट रानासाठीं केलेलें यंत्र सड्यावर अडखळलें, तर तो दोष यंत्राचा नव्हे, निवड करणाऱ्याचा होय.

सांगाडा

चालकाभोंवतीं पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. नियमांप्रमाणें मुख्य नळीचा बाहेरील व्यास २५.४ मिलिमीटर, जाडी ३ मिलिमीटर व पोलादांत कार्बनचें प्रमाण निदान ०.१८ टक्के असावें, किंवा दुसरी नळी घेतल्यास ती तितकीच बळकट आहे हें गणितानें सिद्ध करावें. एक नळी दुसरीवर बसवितांना तिचें टोंक माशाच्या उघड्या तोंडासारखें कापतात, म्हणजे सांधा सर्व बाजूंनीं नीट बसतो व वेल्डिंगमध्यें पोकळी राहत नाहीं. शिवाय ज्या हातानें पिंजरा जोडला त्याच हातानें नमुन्याचे सांधे करून ते मुद्दाम तोडून पाहावे लागतात. सांध्याशेजारचें पोलाद तुटलें व सांधा टिकला, तर वेल्डिंग चांगलें. आपल्या गांवच्या वेल्डिंगवाल्याकडून ट्रॉलीचा आंकडा करून घेतांना अशी परीक्षा आपणांपैकीं कितीजण मागतात?

हा पिंजरा शोभेसाठीं नसतो. गाडी उलटली तरी आंतील माणूस जिवंत राहावा, एवढाच त्याचा हेतु. स्वीडन देशानें सन १९५९ मध्यें नव्या ट्रॅक्टरांवर अशी संरक्षक चौकट सक्तीची केली. तेथें ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यु पुढील कांहीं दशकांत जवळजवळ नाहींसे झाले. आपल्याकडील असंख्य ट्रॅक्टर आजहि चौकटीवांचून बांधावरून फिरत आहेत. पट्टा व चौकट हीं जोडीनेंच कामाचीं. चौकट आहे पण पट्टा नाहीं, तर माणूस बाहेर फेंकला जाऊन चौकटीखालींच सांपडतो.

शक्तीपेक्षां गिअर महत्त्वाचा

घाटी चढावयाची म्हणजे मोठें इंजिन हवें, असा सर्वसाधारण समज आहे. तो किती फसवा आहे हें एका हिशेबानें दाखवितों. समजा, २०० किलो वजनाची लहान गाडी आहे व तिच्यावर २० किलोच्या १५ क्रेट, म्हणजे ३०० किलो माल आहे. चालविणारा शेजारून पायीं चालत आहे. एकूण भार ५०० किलो. घाटीचा चढ चार हातांस एक हात. तर भार वर ओढण्यास १२५ किलोचा जोर, आणि खडबडीत जमिनीचा अडथळा म्हणून आणखी सुमारें ३५ किलो. एकूण १६० किलो. माणसाच्या चालीनें, म्हणजे ताशीं ५ किलोमीटरनें चढावयाचें तर सुमारें ३ अश्वशक्ति पुरते. गिअर व चेन ह्यांतील नुकसान धरलें तरी ४ अश्वशक्तीच्या आंतबाहेरच काम भागतें.

मग लहान इंजिनें चढावर कां दम टाकतात? कारण गिअर चुकीचा असतो. इंजिन मिनिटास ३,६०० फेरे घेतें. २२ इंची चाकास ताशीं ५ किलोमीटरला मिनिटास सुमारें ४७ फेरेच लागतात. म्हणजे इंजिनाचे ७६ फेरे होतील तेव्हां चाकाचा एक व्हावा. शर्यतीच्या गाडीस वेग हवा असतो, म्हणून तिचा गिअर इतका खालचा ठेवीत नाहींत. आपल्यास वेग नको, जोर हवा. तेंच इंजिन, पण गिअर बदलला कीं हरणाचा बैल होतो.

उतरणें चढण्याहून अवघड

स्पर्धेंत ब्रेकची परीक्षा मोठी कडक असते: धांवत्या गाडीचा ब्रेक दाबतांच चारहि चाकें एकदम जखडलीं पाहिजेत, त्यावांचून पुढच्या परीक्षांस प्रवेश नाहीं. आपणांसहि हेंच पहिलें कलम मानावें लागेल, कारण आपला माल बहुधा वरून खालीं यावयाचा असतो.

येथें एक धोक्याची सूचना. स्पर्धेंतील पुष्कळ गाड्यांत स्कूटरप्रमाणें आपोआप सैल व घट्ट होणारा पट्टा गिअरच्या जागीं वापरतात. चढावर तो सोयीचा. परंतु उतारावर इंजिनाचे फेरे कमी झाले कीं पट्टा सैल पडूं शकतो, आणि इंजिन गाडीस मागें धरून ठेवीत नाहीं. मग सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. घाटी लांब असली म्हणजे ब्रेक तापतो व पकड कमी होते. सबब ओझ्याच्या गाडीस दांत्यांचा पक्का गिअर असावा व उतरतांना तो खालच्या गिअरांतच ठेवावा.

तोल

दोन चाकांतील रुंदी १२० सेंटिमीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर असेल, तर ती उभी असतां सुमारें ५० अंश कलली म्हणजे उलटते. त्याच गाडीवर क्रेट उंच रचल्या व गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटरवर गेला, तर ती ३४ अंशांतच कोलमडते. त्यांत वरच्या बाजूचें चाक २० सेंटिमीटरच्या दगडावर चढलें कीं आणखी ९ अंश गेले. शिवाय हा हिशेब स्थिर गाडीचा. चालती गाडी हिसक्यानें त्याच्या पुष्कळ आधीं जाते. म्हणून उतारावरून आडवें जाऊं नये, सरळ चढावें व सरळ उतरावें. क्रेट रुंद पसराव्या, उंच रचूं नयेत. आणि हिशेबांत जो कोन येईल त्याच्या अर्ध्यापलीकडे गाडी कधींहि नेऊं नये. ओझ्याच्या गाडीवर माणूस तर मुळींच बसवूं नये.

विद्यार्थी व शेतकरी ह्यांची गांठ

यंत्र करणारा व यंत्र वापरणारा ह्यांची ओळख नसली म्हणजे काय होतें, हें महाराष्ट्रास नवें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं गेल्या शतकाच्या आरंभीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशा समजुतीनें शेतकरी त्यास शिवेनात. नांगर चांगला होता. पण तो शेतांत चालवून दाखविल्यावांचून विश्वास बसला नाहीं. उलट बाजूहि तितकीच खरी: शेत न पाहतां केलेलें यंत्र शेतांत टिकत नाहीं. एस्. ए. ई. इंडियानें गेल्या दशकाच्या अखेरीस 'तिफण' नांवाची दुसरी स्पर्धा सुरू केली, तिचें मर्म हेंच आहे. तींत विद्यार्थ्यांनीं कांदा काढण्याचें यंत्र बांधून तें राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या रानांत चालवून दाखविलें. शर्यतीच्या मैदानांतून विद्या शेताच्या बांधावर आली ती ह्या मार्गानें.

आपल्या जिल्ह्यांत रत्नागिरी येथें व देवरुखजवळ आंबव येथें अभियांत्रिकी कॉलेजें आहेत. तेथील शेवटच्या वर्षाच्या मुलांस एखादा प्रकल्प पुरा करावाच लागतो. विषय न सुचल्यास पूर्वीच्याच प्रकल्पाची पुनरावृत्ति होते व तें यंत्र परीक्षेनंतर कोपऱ्यांत गंजत पडतें. आपलीच मुलें तीं. सुटींत कलमाखालीं वाढलेलीं. त्यांस विषय देणें हें आपलें काम आहे.

आपण काय करावें

ह्या पावसाळ्यांत प्रत्येक बागायतदारानें आपल्या वाटेचा एक कागद तयार करावा. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन सर्वांत कठीण चढाच्या दहा मीटर वाटेंत उंची किती वाढते तें मोजावें. अडीच मीटर भरली तर चढ चारास एक. अशा वेळीं वाटेवरची लांबीच धरावी, आडवें अंतर नव्हे. वाटेची सर्वांत अरुंद जागा, सर्वांत आंखूड वळण, सर्वांत उंच दगड किंवा पायरी, वाटेची एकूण लांबी, एका दिवसांत खालीं येणाऱ्या क्रेटा व हंगामाचे दिवस हीं टिपावीं. वाट पावसांतहि लागणार असल्यास तसें लिहावें, कारण शेवाळलेल्या कातळावर टायरची पकड फार कमी होते. पांच-दहा शेजाऱ्यांचे कागद एकत्र करून कॉलेजच्या यंत्रविभागाकडे नवें वर्ष सुरू होतांच द्यावे, आणि मुलांस एकदां बागेंत बोलावून ओझें घेऊन ती वाट स्वतः चालावयास लावावें. ह्याहून चांगला धडा कोणत्याहि पुस्तकांत मिळणार नाहीं.

दोन गोष्टी मात्र ध्यानांत ठेवाव्या. अशी घरीं बांधलेली गाडी नोंदणीवांचून सार्वजनिक रस्त्यावर नेणें कायद्याविरुद्ध आहे. तिची हद्द बागेच्या फाटकापर्यंतच. आणि आपल्या खाऱ्या, ओल्या हवेंत उघडें पोलाद लवकर गंजतें. नळ्यांचीं तोंडें बंद करून, रंग देऊन, दर पावसाळ्यापूर्वीं सांधे तपासल्यावांचून गाडी वापरूं नये.

पहिल्या वर्षीं बांधलेली गाडी बहुधा मोडेल. पिथमपूरच्या मैदानावरहि पहिल्या वर्षीं पुष्कळांच्या गाड्या मोडतात. कोठें मोडली व कां मोडली हें लिहून ठेवणारा संघ दुसऱ्या वर्षीं चार तास टिकतो. आपणहि तितका धीर धरावा. सड्यावरची वाट बदलणें आपल्या हातीं नाहीं. त्या वाटेस साजेशी गाडी मागणें मात्र आहे, आणि ती मागावयाची तर वाटेचीं मापें आपणच दिलीं पाहिजेत.