रंगून पडलं आणि नेवाळीची खाचरं गेली

मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडलं आणि मुंबईला येणारा ब्रह्मी तांदूळ थांबला. पुढच्या वर्षी शहरात रेशनिंग आलं, ‘अधिक धान्य पिकवा’ची मोहीमही त्याच सुमारास निघाली. पण त्याच युद्धापायी त्याच सरकारला कल्याणच्या पलीकडे फौजेची छावणी हवी होती आणि नेवाळीला विमानांची धावपट्टी. दोन्ही उभ्या राहिल्या त्या भाताच्या मुलखात. शेतकऱ्याने भात जास्त पिकवावा आणि जमीन मात्र सोडावी, असा तो एकूण हुकूम.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर म्हटलं की आज जीन्स, एमआयडीसी आणि लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसं आठवतात. जुन्या कल्याण तालुक्याचा हा पट्टा भाताचा होता. देशाने तांदळासाठी गेल्या ऐंशी वर्षांत जी जी धोरणं आखली, ती इथपर्यंत पोचली. बियाणं बदललं, खत बदललं, भाव ठरले. जमिनीचे निर्णय मात्र दुसऱ्याच खात्यांत होत राहिले.

युद्ध संपल्यावर छावणी रिकामी झाली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. सर्वस्व सोडून आलेल्यांना छप्पर देणं भागच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. नेवाळीचं तसं नाही. तिथे विमानं गेली, शेतकरी पुन्हा लावणी करू लागले, पण जमिनीवरचा सरकारचा दावा सुटला नाही. जून २०१७ मध्ये नौदलाने तिथे भिंत घालायला घेतली तेव्हा पोलिसांच्या गाड्या पेटल्या, शेतकरी जखमी झाले. पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं भूसंपादन ऐन पेरणीच्या दिवसांत पुन्हा उभं राहिलं.

स्वातंत्र्यानंतरची पहिली मोठी मोहीम ‘जपानी पद्धती’ची. बोरिवलीच्या कोरा केंद्रात तिची प्रात्यक्षिकं झाली आणि १९५३ पासून ती देशभर नेली गेली. ज्यांच्यामुळे रंगूनचा तांदूळ बंद झाला, त्यांच्याकडूनच तांदूळ लावायला शिकायचं! गादीवाफ्यावर रोपं, ओळीत लावणी, वेळेवर कोळपणी. आमच्याकडची रीत वेगळी: उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत पसरून राब भाजायचा, त्यावर पेरायचं आणि आवण (रोपं) तयार झालं की चिखलात टोचायचं. ओळी थोड्याफार आल्या, राब मात्र गेला नाही. १ एप्रिल १९५७ च्या ‘कृषक दिना’ने कुळं कायद्याने मालक झाली, आणि तांदळाच्या वाढीला त्याचा हातभार लावणीच्या कुठल्याही पद्धतीपेक्षा मोठा होता, असं माझं मत आहे. पुढे वाटण्या होत होत एकरांचे गुंठे झाले, तो भाग निराळा.

खरी क्रांती आमच्याच रेल्वेमार्गावर झाली. कर्जतचं भात संशोधन केंद्र १९१९ सालचं. झिनिया ३१, कोळंबा ४२ ही तिथून निघालेली जुनी नावं. हे उंच वाण. युरिया दिला की माजायचे आणि वाऱ्यापावसात लोळायचे. १९६६ मध्ये आयआर-८ आला, मग जया, रत्ना. १९७१ च्या कर्जत-१८४ मध्ये तैवानचा बुटका वाण आणि आपला कोळंबा एकत्र आले. हळवा, म्हणजे लवकर निघणारा, म्हणून त्याच ओलीवर वाल टाकायला सवड मिळे. पुढे १९९४ मध्ये कर्जत-३ आला. देशाच्या धोरणातलं इथे सर्वांत खोल रुजलेलं काही असेल तर ते हे बियाणं.

दुसरी बाजू लेव्हीची, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या खरेदीची. अन्न महामंडळ १९६५ मध्ये स्थापन झालं आणि त्याच सुमारास राज्यात भाताची एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याने ठरल्या भावाने भात सरकारला घालायचा, आणि मुंबईच्या रेशनिंग हद्दीत तांदूळ नेणं गुन्हा. मग कर्जतच्या लोकलमध्ये बाकड्यांखाली पिशव्या दिसू लागल्या. बायका लुगड्याच्या आत तांदूळ बांधून न्यायच्या आणि तपासनीस आला की बसल्या जागी गरोदर व्हायच्या. जुनी माणसं हे हसत सांगतात. त्यांचं पोट त्या फेरीवर होतं, एवढं ध्यानात ठेवून ऐकावं.

याच काळात जमिनीची निम्मी गोष्ट संपली. एमआयडीसी १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाली आणि तिच्या आरंभीच्या वसाहतींत अंबरनाथ होतं. बारवी धरण बांधलं तेही एमआयडीसीनेच, म्हणून ते पाणी कारखान्यांकडे आणि नळांकडे गेलं. टाटांच्या भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी राजनाल्याने कर्जतच्या शेतात जातं, तिथे उन्हाळी भात होतो. उल्हास नदीचं तेच खोरं पंचवीस-तीस किलोमीटर खाली उतरलं की बदलापूरच्या बंधाऱ्यावर पाणी शहरांसाठी उचललं जातं. नदी तीच, पण वर दोन पिकं आणि खाली एक. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी तर शेतात घेण्याजोगी राहिलीच नाही.

नंतरच्या प्रयोगांत मला चारसूत्री पद्धत सर्वांत शहाणी वाटते. डॉ. नारायण सावंतांनी तिचा पाठपुरावा केला. चिखलात फेकलेला युरिया आमच्या पावसात निम्मा वाहून जातो, त्याऐवजी २.७ ग्रॅमची युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध बोटाने खोल दाबायची. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी पुढचं पाऊल टाकलं: सगुणा भात तंत्रात नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. गादीवाफ्यावर लोखंडी साच्याने भोकं पाडायची आणि बी टोकायचं. तणनाशकावरचा भर मला खटकतो, पण लावणीला माणूस मिळत नाही तिथे दुसरं काय सांगणार?

बदलापूर पूर्वेला माझ्या इमारतीमागे अकरा गुंठ्यांचं एक खाचर उरलंय. तीन बाजूंना कुंपणभिंती, चौथ्या बाजूला गटार. जुलैत एक मावशी आणि त्यांची सून तिथे वाकून लावणी करतात. वरच्या गॅलऱ्यांतून मुलं मोबाइलवर चित्रण करतात. मावशींना हमीभावाबद्दल विचारलं. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो साधारण भाताला क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या म्हणाल्या, “विकायला उरतंय कुठं? घरालाच पुरत नाही.” उरलेल्या महिन्यांचं धान्य रेशनच्या दुकानातून येतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातला तो तांदूळ जानेवारी २०२३ पासून फुकट आहे.

शेजारच्या भूखंडावर परवा मोजणीवाले येऊन गेले. नगरपालिकेच्या विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा आपण पार्किंग आणि पाण्याबद्दल लिहितो. पुढच्या वेळी एक ओळ पूररेषेतल्या खाचरांबद्दलही लिहा: ती भातशेती म्हणूनच ठेवा.