डिग्री आहे, पण काम येतं का?



"सर, बी.कॉम. झालं, दोन वर्षं नोकरी शोधतोय. आता धंदाच करतो म्हणतो." असं सांगणारी मुलं-मुली माझ्या प्रशिक्षणात हमखास असतात. माझा त्यांना एकच उलटा प्रश्न असतो: नोकरी का मिळाली नाही, हे शोधलंत का? कारण जी कमतरता नोकरीत आडवी आली, तीच धंद्यातही आडवी येते. तिथे फक्त नकार मिळतो, इथे घरातलं भांडवल जातं.

जरा मालकाच्या खुर्चीत बसून बघा. पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक छोटा कारखानदार अकाउंटसाठी माणूस शोधतोय. त्याच्यापुढे दहा अर्ज, सगळे बी.कॉम. पदवीने तुम्हाला त्या रांगेत उभं केलं, पुढचं तुमच्यावर. तो विचारणार, टॅलीमध्ये जीएसटीचं बिल काढता येतं का? दर महिन्याला रिटर्न भरायचं असेल तर जीएसटीआर-१ ची तारीख ११ आणि ३बी ची २०, हे माहीत आहे का? हे झालं कौशल्य. क्लास लावला, रोज सराव केला, की काही महिन्यांत जमतं.

पण त्याची खरी अडचण वेगळीच असते. एका गिऱ्हाइकाने तीन महिने पैसे थकवलेत. फोन कोण करणार? चिडून बोललं तर गिऱ्हाईक तुटतं, गप्प बसलं तर कामगारांचे पगार अडतात. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. हे माहीत असणं म्हणजे ज्ञान. पण फोन लावून, आवाज न चढवता, बिल नंबर सांगून, "साहेब, गुरुवारी किती पाठवताय?" असं विचारून तारीख पक्की करून घेणं, ही क्षमता. ती कुठल्याच परीक्षेत तपासत नाहीत. काम करता करताच ती अंगात मुरते.

आणि कर्जाचं म्हणाल, तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनात १० लाखांच्या आणि सेवेत ५ लाखांच्या वरच्या प्रकल्पाला शिक्षणाची अट फक्त आठवी पासची आहे. पदवी नाही मागत. मोठ्या रकमेसाठी उद्योजकता प्रशिक्षण मात्र मागतात. ते का, हे आता लक्षात आलं असेल.

मग करायचं काय?

१. एका कागदावर दोन रकाने करा: "मला माहीत आहे" आणि "मी स्वतः केलंय". दुसऱ्या रकान्यात खरं तेच लिहा.

२. ज्या धंद्यात उतरायचंय, त्याच धंद्यात आधी सहा महिने नोकरी करा. पगार कमी असला तरी चालेल. खरेदी, उधारी, वसुली, तक्रार, सगळं जवळून बघा आणि मागून घेऊन करा.

३. मुलाखतीला जाताना केलेल्या कामाचा एक नमुना सोबत न्या.

सहा महिन्यांनी चांगली नोकरी मिळाली तर उत्तम. धंदाच करायचा ठरला, तर पहिली उधारी थकेल तेव्हा फोन कसा करायचा, हे तुम्हाला माहीत असेल.

कागद आजच करा. दुसरा रकाना रिकामा दिसला तर घाबरू नका, सुरुवात तिथूनच करायची आहे.