सिद्धता तपासतो कोण?

१७ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनहून निघणाऱ्या ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’कडे एक शोधनिबंध आला. लेखक यितांग झांग, न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले अध्यापक. वय पन्नाशीपलीकडचं, नावावर मोजकेच निबंध. पीएचडीनंतर कित्येक वर्षं त्यांना विद्यापीठात जागा मिळाली नव्हती आणि त्या काळात त्यांनी सँडविचच्या दुकानातही काम केलं होतं. दावा मात्र अफाट होता. ज्यांच्यातलं अंतर सात कोटींहून कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, असं त्यांनी सिद्ध केलं होतं. ११ आणि १३, १७ आणि १९ अशा दोनच्या अंतराच्या जोड्या अनंत आहेत का, हे कोडं आजही सुटलेलं नाही. पण सात कोटी तर सोडाच, कुठलीही ठरावीक मर्यादा तोवर कुणाला सिद्ध करता आली नव्हती.

मोठी कोडी सोडवल्याचे दावे अशा नियतकालिकांकडे सतत येतात आणि त्यातले बहुतेक फोल निघतात. तरी संपादकांनी हे हस्तलिखित त्या विषयातल्या जाणकारांकडे धाडलं. त्यांत हेन्रिक इव्हानिएत्स यांच्यासारखे संख्या सिद्धांतातले अग्रगण्य गणिती होते. त्यांनी हातातली कामं बाजूला सारून ओळ न् ओळ तपासली. २१ मे रोजी, म्हणजे पाच आठवड्यांच्या आत, निबंध स्वीकारला गेला.

हा वेग अपवादात्मक. गणिताच्या निबंधाचा निर्णय यायला एरवी कित्येक महिने, कधी दोन-दोन वर्षंही लागतात. प्रयोगाच्या निबंधात उपकरणं, निरीक्षणं, आकडे असतात. इथे हाताशी असतो तो केवळ तर्क. चाळीस पानांच्या सिद्धतेत बाराव्या पानावर ‘हे उघड आहे’ असं म्हणून लेखक पुढे गेला आणि ते विधान खोटं निघालं, तर उरलेली अठ्ठावीस पानं फुकट जातात. म्हणून परीक्षक, ज्याला गणिती ‘रेफरी’ म्हणतात, कागद-पेन घेऊन बसतो आणि लेखकानं गाळलेल्या पायऱ्या स्वतः करून पाहतो. त्याला बहुधा मानधन मिळत नाही, त्याचं नाव छापलं जात नाही आणि लेखकालाही ते कळत नाही. गणितावरचा जगाचा विश्वास या निनावी माणसांच्या वाचनावर उभा आहे.

सगळे निबंध काही इतके जड नसतात. १७६९मध्ये लिओनार्ड ऑयलरनं अटकळ बांधली होती, की संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज करून पुन्हा एखाद्या संख्येचा पाचवा घात मिळवायचा, तर निदान पाच संख्या लागतील. १९६६मध्ये लँडर आणि पार्किन या दोघांनी संगणकावर शोध घेतला आणि अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये निबंध छापला. त्यात वाक्यं दोनच. २७, ८४, ११० आणि १३३ या चारच संख्यांच्या पाचव्या घातांची बेरीज १४४च्या पाचव्या घाताइतकी होते. दोन्ही बाजूंना येतात ६१,९१,७३,६४,२२४. कॅल्क्युलेटर असलेला कुणीही वाचक हा निबंध पाच मिनिटांत तपासू शकतो, आणि जवळजवळ दोनशे वर्षांची अटकळ तेवढ्यात निकालात निघते.

बाकी निबंधांत मात्र वाचकाला हाताला धरून न्यावं लागतं. श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला निबंध १९११मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. संपादक नारायण अय्यंगार यांना तो निबंध छापण्याजोगा करताना हस्तलिखित पुनःपुन्हा रामानुजनकडे परत पाठवावं लागलं. निष्कर्ष विलक्षण होते, पण दोन पायऱ्यांमधलं जे रामानुजनना दिसत होतं, ते वाचकाला दिसावं अशी मांडणी नव्हती. अय्यंगारांचा तो चिवटपणा रामानुजनच्या चरित्रात एखाद्या ओळीत उरकला जातो. खरं तर ते संपादनाचं मोठं काम होतं.

चांगल्या वाचकानं निबंध सुधारल्याचं याहून ताजं उदाहरणही आपल्याकडचंच आहे. ऑगस्ट २००२मध्ये आयआयटी कानपूरचे मनींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी, दिलेली संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीनं आणि झटपट ठरवणारी रीत शोधली. नऊ पानांचा मसुदा त्यांनी काही तज्ज्ञांना ईमेलनं पाठवला आणि आठवड्याच्या आत ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये बातमी आली. तरी ‘अ‍ॅनल्स’मध्ये निबंध छापून यायला २००४ उजाडलं. मधल्या काळात हेंड्रिक लेन्स्ट्रा यांच्या सूचनेमुळे सिद्धतेतला सर्वांत अवघड आधारच काढून टाकता आला.

वाचनच नसेल तर काय होतं, तेही भारतानं पाहिलं आहे. नोकरी, बढती, पीएचडी यांसाठी निबंधांची मोजदाद सुरू झाली, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नलं फोफावली. २०१८मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला आपल्या मान्यताप्राप्त यादीतून चार हजारांहून अधिक नावं काढावी लागली. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आलाच पाहिजे, ही अट २०२२च्या नियमांत वगळली गेली. ती आणखी आधी जायला हवी होती. अशा जर्नलांत हस्तलिखित येतं आणि कुणीही न उघडता छापलं जातं. गणितात तर हे धोक्याचंच, कारण न तपासलेल्या प्रमेयावर दुसरा कुणीतरी आपलं प्रमेय उभारतो.

मात्र वाचणारे उत्तम असूनही हात टेकतात, असंही एकदा घडलं. एकाच मापाचे गोळे कमीत कमी जागेत कसे रचायचे? फळवाला संत्री रचतो तीच रचना सर्वांत दाट, असं योहान्नेस केप्लरनं १६११मध्ये म्हटलं होतं. त्या रचनेत सुमारे ७४ टक्के जागा भरते. १९९८मध्ये टॉमस हेल्स यांनी विद्यार्थी सॅम्युएल फर्ग्युसनच्या साथीनं याची सिद्धता जाहीर केली. लिखित मजकूर सुमारे २५० पानं. शिवाय संगणकाच्या आज्ञावली आणि आकडेमोड मिळून तीन गिगाबाइट. ‘अ‍ॅनल्स’नं बारा परीक्षकांचं मंडळ नेमलं आणि प्रमुख केलं हंगेरीच्या गाबोर फेयेश टोट यांना; त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर याच प्रकारचे प्रश्न हाताळले होते. या मंडळींनी चर्चासत्रं घेतली, तुकडे वाटून घेतले, वर्षानुवर्षं तपासलं. अखेर २००३मध्ये त्यांनी कळवलं, की सिद्धता बरोबर असल्याची ९९ टक्के खात्री आहे. पूर्ण हमी देता येत नाही आणि पुढे तपासायची ताकद उरलेली नाही. २००५मध्ये ‘अ‍ॅनल्स’नं निबंध छापला.

हेल्सना उरलेला एक टक्का सलत राहिला. त्यांनी २००३मध्येच ‘फ्लायस्पेक’ प्रकल्प हाती घेतला होता. सिद्धतेची प्रत्येक पायरी, अगदी साध्या बेरजेपर्यंत, संगणकाला कळेल अशा काटेकोर तर्कभाषेत लिहायची आणि तपासणीही त्याच्याकडूनच करून घ्यायची, असं ते काम. व्हिएतनामसह अनेक देशांतल्या गणितींनी त्यात हातभार लावला. १० ऑगस्ट २०१४ रोजी ते पुरं झालं, आणि २०१७मध्ये बावीस लेखकांच्या नावानं ‘फोरम ऑफ मॅथेमॅटिक्स, पाय’मध्ये त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. संगणकानं तपासलेलं अंतिम विधान केप्लरच्या प्रश्नाशी जुळतं की नाही, हे यंत्र सांगू शकत नाही. ते वाचून माणसालाच ठरवावं लागतं. म्हणून त्या निबंधात लेखकांनी ते विधान वेगळं काढून, त्यातल्या चिन्हांचा अर्थ लावून दाखवला आहे, परीक्षकाला आणि इतर कुणालाही ते स्वतः पडताळता यावं यासाठी.