हिमभूमीची वाट सालेकसा येथूनही

हावडा–मुंबई लोहमार्गावर, गोंदिया आणि डोंगरगड यांच्या दरम्यान सालेकसा हे स्थानक लागते. भाताच्या बांध्या, दाट वनराई, पावसाळ्यात गर्जणारा हाजरा धबधबा आणि माघ पौर्णिमेस कचारगडच्या गुहांकडे लोटणारा गोंड भाविकांचा जनसमुदाय ही या तालुक्याची ओळख. येथील एखाद्या तरुणाने अंटार्क्टिकास जाण्याचा मनोदय बोलून दाखविला, तर ऐकणारे बहुधा हसतील. ध्रुवप्रदेश म्हणजे धनिकांची हौस किंवा मोठ्या शास्त्रज्ञांचे क्षेत्र, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

धनिकांची वाट आहे, हे खरे. अर्जेंटिनातील उशुआया बंदरातून पर्यटकांची जहाजे दरसाल निघतात आणि या सफरीस लाखो रुपये मोजावे लागतात. परंतु भारताची वाट निराळी आहे. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांचे पहिले पथक ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ जहाजाने निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्याने हिमभूमीवर पाऊल ठेवले. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासमवेत गेलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा. त्या दोघी अंटार्क्टिकास जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ होत. म्हणजे विदर्भाच्या मातीशी या हिमाचे नाते चार दशकांपूर्वीच जुळले आहे.

अशा प्रवासाची खरी कसोटी लागते ती पूर्वतयारीत. सालेकसा ते भारताचे ‘मैत्री’ केंद्र हे सरळ रेषेतील अंतर सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर भरेल. पण अंतरापेक्षा काळाचे बंधन कठोर आहे. जहाजाने रसद पोहोचविता येते ती केवळ दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्यात. त्यानंतर हिवाळी पथक कित्येक महिने जगापासून तुटलेले असते आणि सुमारे दोन महिने तर सूर्यदर्शनही घडत नाही. वर्षाचे धान्य, इंधन, औषधे, यंत्रांचे सुटे भाग यांचा हिशेब आधीच करावा लागतो. विसरलेला एखादा खिळाही मागाहून मागविता येत नाही. माणसांची निवडही तितकीच काटेकोर असते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शारीरिक व मानसिक तपासणी आणि औली येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांकडून बर्फावर वावरण्याचे प्रशिक्षण, असा हा क्रम आहे.

शिवाय तेथे यजमानही नाही आणि मालकही नाही. १९५९ च्या अंटार्क्टिका कराराने तो खंड शांततामय कार्यासाठी राखून ठेवला असून, १९८३ पासून भारत त्या कराराचा सदस्य आहे. १९९१ च्या माद्रिद मसुद्यान्वये पर्यावरणाचे कडक निर्बंध लागू झाले. २०२२ मध्ये भारताने स्वतंत्र कायदाही केला. निर्माण होणारा कचरा परत आणावयाचा आणि बुटाला चिकटलेले परके बीसुद्धा तेथे पडू द्यावयाचे नाही, अशी ही शिस्त आहे. शेताच्या बांधावर वाढलेल्या माणसास बियाण्याचे सामर्थ्य वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आता मूळ मुद्दा. हिमभूमीवरील केंद्र केवळ शास्त्रज्ञांच्या बळावर चालत नाही. जनित्र बंद पडले तर उष्णता गेली, आणि उष्णता गेली तर प्राण गेला. म्हणून डॉक्टरांबरोबर जनित्राचे व वाहनांचे यांत्रिकी, वीजतंत्री, वेल्डर, सुतार आणि आचारी हेही पथकात असतात. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अशा कुशल कामगारांसाठी जाहिराती देऊन निवड करते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या, हाताला अनुभव असलेल्या मुलासाठी हा मार्ग आहे. येथे धनापेक्षा कौशल्य, प्रकृती आणि संयम यांचे मोल अधिक.

उणीव आहे ती माहितीची. राजधानीतील तरुणास जी जाहिरात सहज दिसते, ती रेल्वेमार्गावरील लहान गावात क्वचितच कोणी वाचून दाखवितो. शाळा, प्रशिक्षण संस्था, पंचायत समिती आणि ग्रंथालये यांनी ती फलकावर लावली, अर्ज भरण्यास साहाय्य केले, तर त्यास फार खर्च यावयाचा नाही. मात्र ज्या मुलाला वाट आहे हेच ठाऊक नाही, तो तयारी कशाची करणार?

सालेकसा येथील भात पावसावर उभा राहतो आणि ध्रुवीय बर्फाचा मान्सूनशी संबंध कसा आहे, याचा शोध भारतीय शास्त्रज्ञ घेत आहेत. ज्या शोधाचे फळ अखेरीस धानाच्या बांधीत उतरावयाचे, त्या कामास बांधीकाठच्या मुलाचाही हात लागला, तर ते सर्वथा उचितच होईल.