गेम डिस्कवर घ्यावा की डाउनलोड करावा?

सुट्टी जवळ आली की आमच्या डॉर्ममध्ये एक वाद हमखास रंगतो. नवा गेम डिस्कवर घ्यावा की डाउनलोड करावा? प्लेस्टेशन ५ च्या नव्या मोठ्या गेमला चार-पाच हजार रुपये पडतात आणि ते आईबाबांच्या पगारातून जातात. शिवाय आपण खेळतो फक्त सुट्टीत. घरी राहणारी मुले जो गेम महिन्याभरात संपवतात, तो आपल्याला तीन-तीन सुट्ट्या पुरतो. त्यामुळे गेम टिकणार किती, हा प्रश्न आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

आधी डाउनलोडची बाजू पाहू. माझे बाबा फौजेत आहेत. दर दोन-तीन वर्षांनी बदली होते आणि प्रत्येक बदलीत पेट्यांमधून काहीतरी हरवतेच. डाउनलोड केलेला गेम आपल्या खात्यावर नोंदलेला असतो, म्हणून तो हरवत नाही आणि त्यावर ओरखडेही पडत नाहीत. सेलमध्ये तो स्वस्तही मिळतो. अडचण इंटरनेटची. ५० जीबीचा गेम २० एमबीपीएस वेगाने उतरवायला साडेपाच तास लागतात. रोज दीड जीबी मिळणाऱ्या मोबाईल प्लॅनवर तर ३३ दिवस! तोवर सुट्टी संपलेली असते.

डिस्कचा मोठा फायदा असा की ती खरोखर आपली वस्तू असते. खेळून झाल्यावर ती मित्राला देता येते, धाकट्या भावाला ठेवता येते किंवा विकून थोडे पैसे परत मिळवता येतात. डाउनलोड केलेला गेम मात्र खात्याला बांधलेला असतो. खरे तर आपण गेम विकत घेतच नाही, तो खेळण्याची फक्त परवानगी घेतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून, अशी केवळ परवानगी विकणाऱ्या दुकानांनी ते ग्राहकाला स्पष्ट सांगितले पाहिजे, असा कायदाच आहे.

दुकान बंदही होऊ शकते. निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ रोजी ३डीएस आणि वी यू या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानातील विक्री थांबवली. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवता येत होते, पण जे फक्त तिथेच मिळत होते ते नव्याने घेता येईनात.

म्हणजे डिस्क घेतली की निश्चिंत? तसेही नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळतानाही त्याला कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले राहावे लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही गेम बंद पडला. निन्टेन्डो स्विच २ च्या काही गेमच्या कार्डात तर गेम नसतोच, फक्त किल्ली असते. गेम डाउनलोडच करावा लागतो. उलट जीओजी या ऑनलाइन दुकानातून संगणकासाठी घेतलेल्या गेमची फाइल आपण पेन ड्राइव्हवर जपून ठेवू शकतो. पुढे इंटरनेट नसले तरी तो गेम बसवता येतो.

यावरून मला एक गोष्ट कळली. डिस्क की डाउनलोड, यापेक्षा गेम चालू करण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे, हे आधी पाहावे.

म्हणून मित्रांनो, पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. पालकांनीही त्या विचाराव्यात. एक, आपल्या यंत्राला डिस्क ड्राइव्ह आहे का? काही प्लेस्टेशनना ती नसते. दोन, हा गेम इंटरनेटशिवाय चालतो का? डब्यावर किंवा दुकानाच्या माहितीत हे लिहिलेले असते. तीन, पूर्ण गेम डिस्कवर आहे का?

माझा नियम सोपा आहे. एकट्याने खेळायचा, गोष्ट असलेला गेम डिस्कवर घ्यायचा. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा गेम सर्व्हर असेपर्यंतच चालणार, म्हणून तो सेलमध्ये डाउनलोड करायचा. मी शाळेत असताना माझ्या डिस्क धाकटा भाऊ वापरतो आणि बाबांच्या सध्याच्या ठाण्यावर नेटवर्क नसले तरी त्याचे काही अडत नाही.