मुलगी हायस्कूलला जाते आहे : आईवडिलांनी मे महिन्यातच करावयाची तयारी

गावातील शाळा सातवीला संपते आणि मुलीचे नाव हायस्कुलात घालण्याची वेळ येते. आपल्या बेळगाव-खानापूर भागातील पुष्कळ खेड्यांत हायस्कूल गावात नसते. ते दोन, चार, कधी आठ किलोमीटरवर असते. वह्या, पुस्तके, युनिफॉर्म यांचा हिशेब घरोघर होतो, परंतु मुलीच्या बाबतीत एवढ्याने तयारी पुरी होत नाही.

आठवीत नाव घातलेली मुलगी वर्षाच्या आतच घरी बसली, की 'तिला अभ्यास झेपेना' असे आपण म्हणतो. जरा खोलात जाऊन पाहिले तर वेगळेच दिसते. सकाळी चहावर निघायचे, तासभर चालायचे, वर्गात डोळ्यांपुढे अंधारी यायची. महिन्याचे तीन-चार दिवस घरीच राहायचे. रोपणीला आठ-पंधरा दिवस शेतात. मग मागे पडलेले गणित समजत नाही, आणि न समजणाऱ्या वर्गात बसण्यापेक्षा घर बरे वाटते. ही कारणे बहुतेक घरातलीच आहेत, म्हणून ती घरातच दूर करता येतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. आठवीतील मुलगी तेरा-चौदा वर्षांची असते. कायद्याचा आधार सुटतो त्याच सुमारास ती हायस्कुलात पाऊल टाकते. तिला पुढे शाळेत ठेवणे हे आईवडिलांच्याच हातात आहे.

पोटाची तयारी

या वयात मुलगी झपाट्याने वाढते आणि पाळीही सुरू होते. त्यामुळे रक्तासाठी लोह जास्त लागते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या कोष्टकाप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह हवे. वयात आलेल्या पुरुषाला १९ पुरते. म्हणजे दिवसभर शेतात राबणाऱ्या बापापेक्षा शाळेत जाणाऱ्या मुलीला लोह अधिक पाहिजे. आपल्या घरांत मात्र मासळीचा मोठा तुकडा नि अंडे आधी पुरुषांच्या ताटात पडते आणि मुलगी शेवटी आईबरोबर जेवते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. आपली मुलगी त्यांत नसेल असे नुसते पाहून ठरवू नये. मे महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. या वयात ते १२ च्या खाली असता कामा नये.

शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात, ती लोहाची व फोलिक अॅसिडची असते. ती जेवणानंतर घ्यावी, उपाशी पोटी नव्हे. शौचाला काळे होते म्हणून पुष्कळ मुली ती फेकून देतात. त्यात भिण्यासारखे काही नाही. जंताची गोळीही चुकवू नये, कारण पोटात जंत असले तर खाल्लेले अंगी लागत नाही.

चहा जेवणाबरोबर कधीही देऊ नये. त्याने अन्नातील लोह शरीरात मुरत नाही. जेवण व चहा यांत निदान एक तासाचे अंतर हवे. उलट लिंबू, आवळा, पेरू जेवणाबरोबर घेतल्यास लोह चांगले मुरते. सकाळी चहा-पाव देण्याऐवजी नाचणीची भाकरी किंवा आंबील द्यावी, जमल्यास बरोबर उकडलेले अंडे. शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तांदळात दहादेखील नसते. कुळथाचे कढण, सुकट, बांगडा, मटणाची कलेजी यांचा आठवड्यात फेर ठेवावा. कर्नाटकात सरकारी व अनुदानित शाळांत दहावीपर्यंत दुपारचे जेवण मिळते. 'मोठ्या मुली रांगेत बसत नाहीत' या लाजेपायी मुलीने ते सोडू नये, हे तिला आधीच सांगावे.

परसात काय लावावे

वळवाचा पाऊस झाला की परसात दोन गादीवाफे करावेत. आपल्याकडचा जूनचा पाऊस सपाट वाफ्यात बी कुजवतो, म्हणून वाफा वीतभर उंच हवा. त्यात लाल माठ व चवळी पेरावी. माठ महिन्याभरात काढणीला येतो. कुंपणाला शेवग्याचे मनगटाएवढे जाड खुंट लावावेत. शेंगांची वाट न पाहता पाल्याची भाजी करावी. न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे एक पपई व एक लिंबाचे झाड पुरे.

पाळीविषयी आधी सांगावे

पाळी साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू होते. कोणाला दहाव्या, कोणाला पंधराव्या वर्षीही. वर्गात बसलेली असताना अचानक कपड्याला डाग दिसला आणि तिला काहीच ठाऊक नसले, तर मुलगी घाबरते. दुखापत झाली की रोग जडला, असे तिला वाटते. म्हणून शाळा सुरू होण्यापूर्वी आईने तिला जवळ बसवून सांगावे. आई नसेल तर मावशी, आत्या किंवा मोठ्या बहिणीने सांगावे. हा रोग नव्हे, विटाळही नव्हे. शरीर वाढत असल्याची ती खूण आहे, एवढे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. वडिलांनी हा विषय निघाला की उठून जाऊ नये. दुकानातून पॅड आणून देणारा बाप मुलीची निम्मी लाज घालवतो.

पहिली एक-दोन वर्षे पाळी नियमित नसते. २१ दिवसांनी आली काय अथवा ४५ दिवसांनी आली काय, काळजीचे कारण नाही. दोन ते सात दिवस स्राव होणे हेही नेहमीचेच. दप्तरात एका कापडी पिशवीत दोन पॅड, एक जादा चड्डी व एक जुने वर्तमानपत्र कायम ठेवावे. पॅड चार ते सहा तासांनी बदलावे. घरी कापड वापरत असाल तर ते साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. पावसाळ्यात ऊन नसते, तेव्हा ते चुलीजवळच्या कोरड्या हवेत टांगावे आणि वर इस्त्री फिरवावी. ते लपवण्यासाठी ओल्या कपड्यांखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात टाकतात. खाज आणि पुरळ यांची सुरुवात तिथूनच होते.

पोटात दुखल्यास गरम पाण्याची पिशवी पुरते. पण दुखण्यापायी दर महिन्याला शाळा बुडत असेल, स्राव सात दिवसांवर जात असेल, दर एक-दोन तासांनी पॅड भिजत असेल किंवा पंधरावे वर्ष सरूनही पाळी आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

शाळेतील संडास पाहून यावे

नाव घालायला जाल तेव्हा ऑफिसातून परत फिरू नका. मुलींचा संडास कुठे आहे ते पाहा. दाराला आतून कडी आहे का, पाणी येते का, पॅड टाकायला झाकणाची बादली आहे का, हे आईने स्वतः बघावे. संडास नीट नसला की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, बद्धकोष्ठता व डोकेदुखी सुरू होते. काही उणे दिसल्यास दोन-चार आयांनी मिळून मुख्याध्यापकांच्या कानावर घालावे. एकटीचे बोलणे राहून जाते, चौघींचे ऐकावे लागते.

वाट, बस आणि दप्तर

शाळा सुरू होण्यापूर्वी एक दिवस मुलीबरोबर ती वाट चालून पाहावी. किती वेळ लागतो, ओढ्याला पाणी आल्यावर दुसरी वाट कोणती, परतीची शेवटची बस किती वाजता, हे ठरवून ठेवावे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना व मुलींना सरकारी साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. त्यासाठी ओळखपत्र जवळ हवे. वाडीतील दोघी-तिघींनी एकत्र जावे-यावे.

गर्दीत कोणी नकोसा स्पर्श केला, वाटेत कोणी छेडले, तर घरी सांगायला तिला भीती वाटू नये. 'उद्यापासून शाळा बंद' हे आपले उत्तर असेल, तर ती काहीच सांगणार नाही. तिचे म्हणणे खरे मानून वाट मोकळी करणे हे आपले काम आहे. मुलांच्या मदतीचा १०९८ हा मोफत नंबर तिला पाठ असावा.

दप्तराचे वजन मुलीच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावे. मुलगी ३५ किलोची असेल तर दप्तर साडेतीन किलोपर्यंत. रोजच्या वेळापत्रकाप्रमाणे पुस्तके भरायची सवय लावावी.

रोपणी आणि शाळा

आपल्या पोटाचा प्रश्न शेतावर आहे, म्हणून हे बोलणे सोपे नाही. जुलैत माणसे मिळत नाहीत आणि घरची मुलगी हाताशी असते. पण आठवीत जून-जुलैमध्येच बीजगणिताचा पाया घालतात. त्या वेळी दहा दिवस चुकलेली मुलगी पुढे वर्षभर चुकत राहते. शेजारच्या तीन-चार घरांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात जाऊन रोपणी उरकावी. मुलीची मदत रविवारी व सुट्टीच्या दिवशी घ्यावी. पाणी भरणे, भांडी, धाकट्याला सांभाळणे ही कामे मुलगा व मुलगी यांच्यात सारखी वाटावी. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे पाचला उठायचे असेल, तर रात्री नऊला तिने अंथरुणावर असले पाहिजे.

कागदपत्रे व शिष्यवृत्ती

आपल्या समाजात बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे, असे वारंवार घडते. फर्नांडिस हे आडनाव इंग्रजीत कुठे 'एस'ने संपते, कुठे 'झेड'ने. शाळेच्या रजिस्टरात जे लिहिले जाईल तेच पुढे दहावीच्या मार्कलिस्टवर येईल, आणि ती आयुष्यभर पुरावा म्हणून लागते. म्हणून नाव, आडनाव, जन्मतारीख सर्व कागदांवर एकसारखी करून मगच नाव घालावे. मुलीच्या नावे बँकेत खातेही उघडावे.

आठवीत असतानाच एक सरकारी परीक्षा असते, तिला एन.एम.एम.एस. म्हणतात. सरकारी व अनुदानित शाळांतील ज्या मुलांना सातवीत ५५ टक्के गुण आहेत आणि ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नाही, त्यांना ती देता येते. निवड झाल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. जूनमध्येच वर्गशिक्षकांना याविषयी विचारून ठेवावे आणि उत्पन्नाचा दाखला काढावा.

शाळा सुरू झाल्यावर पहिले तीन महिने रोज रात्री दहा मिनिटे मुलीजवळ बसावे. 'किती मार्क पडले' हे विचारण्याआधी 'आज काय समजले नाही, कोण काय बोलले, डबा संपवलास का' हे विचारावे. आईवडिलांना लिहिता-वाचता येत नसले तरी हे विचारता येते. दिवाळीपर्यंत जी मुलगी रोज वर्गात बसली, तिचे पुढचे वर्ष पुष्कळ सोपे जाते.